चिरंजीवांचा ताबा

३ जानेवारी १९८८, रविवार

नवीन वर्ष. डायरी काल मिळाली म्हणून सुरुवात आज. बाररूममधल्या धुरीने दिली. त्याच्या एका औषधवाल्या अशिलाने त्याला दोन दिल्या होत्या. प्रत्येक पानावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. दुर्लक्ष करायचं.

मी, श्यामकांत परुळेकर, वय ४३, धंदा वकिली, राहणार मुलुंड पूर्व, प्रतिज्ञेवर लिहून ठेवतो की या वर्षी: पहाटे पाचला उठणे. रोज एक कलम वाचणे. कोर्टाच्या कँटीनचे वडे बंद. वर्षअखेर उपनगरांतला पहिला मॅरेज कौन्सेलर होणे.

शेवटच्याबद्दल थोडं सविस्तर. फॅमिली कोर्ट येणार येणार म्हणून चार वर्षं ऐकतोय. आता नक्की म्हणतात. तिथे वकिलाला हक्काने उभं राहता येणार नाही, परवानगी लागेल. नवरा-बायकोने आपलं आपण बोलायचं. बाररूममध्ये सगळ्यांचे चेहरे सुतकी. मी शांत. बोलायचं म्हटलं की बोलतं करणारा कोणीतरी लागणारच. तो मी.

लग्नाचं पुढच्या वर्षी बघू.

४ जानेवारी

पाचला उठलो नाही. अंधार होता.

१० जानेवारी, रविवार

वकील मंडळाचा उजळणी वर्ग सुरू झाला. घाटकोपरच्या एका शाळेत, चौथी ‘ब’ मध्ये. घटस्फोटाची कामं करणाऱ्यांसाठी. तीन विषय: पोटगी, मालमत्ता, मुलांचा ताबा. वर्ग साडेदहाला, कारण त्याआधी सगळे टीव्हीवरच्या रामायणासमोर. एकोणीस वकील लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते.

शिकवायला अ‍ॅड. मृणालिनी टिपणीस. हायकोर्टात असतात. आवाज बारीक, पण मागच्या बाकापर्यंत कोणी हलत नाही. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र हवं असेल तर प्रत्येकाने एका खऱ्या जोडप्याबरोबर काम करायचं आणि एप्रिलमध्ये वर्गात सांगायचं. नावं सांगायची नाहीत.

धुरी माझ्या कानात म्हणाला, यार श्याम, आपल्याकडे येतात त्यांच्यात जोडपं कुठे असतं? एक येतं, दुसरं पळालेलं असतं.

मी म्हटलं, बघतोच.

१३ जानेवारी

धुरीचं बरोबर. माझ्याकडे सध्या चार मॅटर. तिघींचे नवरे बेपत्ता. चौथीचा आहे, पण तो मलाच मारायला आला होता.

रात्री जेवताना आई म्हणाली, श्याम, त्यांना सांग, बांगडा गरम आहे तोवर घ्या. मी अण्णांना म्हटलं, बांगडा गरम आहे तोवर घ्या. अण्णा माझ्या शेजारीच होते, आई त्यांच्या समोर. अण्णा म्हणाले, तुझ्या आईला सांग, घेतोय. मी सांगितलं.

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. जोडपं घरातच आहे.

१७ जानेवारी, रविवार

केसची हकीगत लिहून काढली. पक्षकार क्रमांक एक, अण्णा, वय ७१, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त. पक्षकार क्रमांक दोन, आई, म्हणजे सुनंदा, वय ६६. दोघं १९७१ पासून एकमेकांशी बोलत नाहीत. सतरा वर्षं सगळं माझ्यामार्फत. अक्षरशः सगळं. निरोप मालवणीत आला तर मी मालवणीतच पोचवतो. स्वतःचं एक अक्षर घालत नाही.

वादाचं कारण मी. ७१ साली मला नागपूरला बँकेत नोकरी लागत होती. अण्णांनी ओळखीतून लावली होती. आई म्हणाली, एवढ्या लांब माझा श्याम जेवणार काय? नाही पाठवलं. त्या दिवसापासून अबोला. मूळ मुद्दा असा की दोघांनाही मी हवा होतो. आईला इथे हवा होतो आणि अण्णांना नागपूरला हवा होतो.

अशा केसमध्ये कौन्सेलर तटस्थ लागतो. मी आहेच.

२४ जानेवारी, रविवार

पोटगीचा तास. टिपणीसबाई म्हणाल्या, आकडा विचारण्याआधी बाईच्या गरजा विचारा.

घरी येऊन आईला विचारलं. समजा, तू वेगळी राहिलीस, तर तुला महिन्याला काय काय लागेल? मला वाटलं ती रागावेल. ती कोथिंबीर निवडत होती, ती तिने बाजूला ठेवली आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, एक खिडकी लागेल. आणि सकाळी कोणी उठवायचं नाही.

अण्णांना विचारलं, तुम्ही काय द्याल? ते म्हणाले, पेन्शन हातात पडल्या पडल्या तीच घेते. विड्यांना तिच्याकडे मागतो, तेही तुझ्यामार्फत. आणखी काय देऊ?

म्हणजे पोटगी आधीपासूनच चालू आहे, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय. टिपणीसबाईंना हे आवडेल.

आईचं उत्तर मी हसण्यावारी नेलं. खिडकी इथेही आहे.

२६ जानेवारी, सुट्टी

बाई म्हणाल्या होत्या, मधला माणूस बाजूला झाल्याशिवाय दोघं बोलत नाहीत. आजपासून निरोप बंद. सकाळी दोघांना तसं जाहीर केलं. दोघांनीही मला सांगितलं की दुसऱ्याला तसं सांग.

सकाळी आठला आई म्हणाली, सांग त्यांना, आंघोळीचं पाणी काढलंय. मी गप्प. अण्णा पेपर वाचत होते. ऐकू सगळं येतं त्यांना. उठले नाहीत. अकराला पाणी गार. अण्णा संतापले की मालवणीवर येतात. तिका सांग, म्हणाले, माका आता आंघोळच करूची नाय. मी गप्प.

दुपारी आमटीत मीठ नव्हतं. कोणीच कोणाला बोललं नाही. मीही नाही, तटस्थ म्हणून.

२८ जानेवारी

घात झाला. कोर्टातून आलो तर समोरच्या ब्लॉकमधली शकुवहिनी आमच्या दारात उभी. काका, काकू विचारताहेत, पोहे की उपमा? अण्णा म्हणाले, पोहे. शकुवहिनी आत वळून, अहो काकू, काका म्हणतात तुमच्या हातचे पोहेच हवेत! आई चक्क हसली.

‘तुमच्या हातचे’ हे अण्णा म्हणाले नव्हते. मी स्वतः ऐकलं. शकुवहिनी निरोपात स्वतःचं घालते. सतरा वर्षांत मी असं कधी केलं नाही.

ती मला म्हणाली, काय श्यामभाऊ, संपावर का?

रात्रीपासून निरोप पुन्हा सुरू केले. हा पराभव नाही. अनधिकृत व्यक्ती प्रॅक्टिस करू लागली तर थांबवणं भाग असतं.

५ फेब्रुवारी

कलम वाचन २२ जानेवारीपासून बंद आहे. डोळ्यांचा नंबर वाढल्यासारखा वाटतो. वडा एक खाल्ला. धुरीने मागवला होता, टाकायचा कसा?

१४ फेब्रुवारी, रविवार

मालमत्तेचा तास. सोनं कोणाचं, घर कोणाचं, भांडी कोणाची. धुरीने विचारलं, बाई, घर एकच आणि दोघांनाही जायला दुसरी जागा नसेल तर? बाई म्हणाल्या, मुंबईत निम्मे संसार त्याच कारणाने टिकतात. सगळे हसले. मी लिहून घेतलं.

आमच्या केसमध्ये मात्र दुसरी जागा आहे. अण्णांनी मागे कधीतरी माझ्या नावाने चारकोपच्या सरकारी घरासाठी अर्ज टाकला होता, त्याचा नंबर लागलाय. एक खोली आणि मोरी. मेमध्ये ताबा. कांदिवली स्टेशनपासून लांब, तिकडे जायचं म्हटलं की रिक्षावाला मान फिरवतो. मी तिथे शाखा काढणार होतो. पण आता केससाठी त्याग.

योजना: एकाने मुलुंडला राहायचं, एकाने चारकोपला. मी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दोघांपैकी कोणावरही अन्याय नाही.

१५ फेब्रुवारी

योजना सांगितली. दोघांनाही मुलुंडच हवं. अण्णा म्हणाले, तिला सांग, भाड्याची पावती माझ्या नावावर फाटते. आई म्हणाली, त्यांना सांग, ओटा मी घासते. अर्धा तास जोरदार निरोपानिरोपी झाली. माझा घसा बसला. पण समाधान वाटलं. इतकी वर्षं नुसता अबोला होता, आता रीतसर वाद आहे.

सहा-सहा महिन्यांबद्दल कोणीच काही बोललं नाही. म्हणजे तो मुद्दा मान्य.

२८ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला गेलो नाही. घसा. अण्णा म्हणाले, मग आज घरीच का? आई म्हणाली, आज घरीच? मी दोघांनाही एकदाच उत्तर दिलं. मग कोणाचा निरोप नव्हता. झोपलो.

१३ मार्च, रविवार

ताब्याचा तास. अतिशय महत्त्वाचा. बाई म्हणाल्या, मूल ही मालमत्ता नाही. आईचा हक्क, बापाचा हक्क नंतर. आधी मुलाचं हित. आणि मूल कळतं असेल तर न्यायाधीश त्याला आत बोलावून विचारतात, बाळ, तुला कोणाकडे राहायचंय?

परतताना गाडीत मी स्वतःला हा प्रश्न विचारला. कांजूरमार्गपर्यंत आई. भांडुपला अण्णा. मुलुंड आलं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

खरी अडचण तिथेच आहे. वेगळं व्हायचं ठरलं तर माझ्यावरून दोघं इरेला पेटणार. जो हरेल त्याची समजूत कशी काढायची, याचा मसुदा करून ठेवला. दोन प्रती. एकात ‘आई, तू मन घट्ट कर’, दुसऱ्यात ‘अण्णा, तुम्ही समजून घ्या’. बाकी मजकूर तोच.

२० मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. सगळं नीट लिहितो.

संध्याकाळी पाचला बैठक घेतली. जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. अण्णा डावीकडे, आई उजवीकडे, मध्ये मी. शकुवहिनी बशी परत करायला आली होती, तिला नंतर या म्हटलं. दोघांना सांगितलं की पोटगी आणि मालमत्ता झाली, आता शेवटचा विषय. समजा तुम्ही वेगळे झालात. मी कोणाकडे राहायचं?

दोघं गप्प. भावना अनावर झाल्या असाव्यात. मसुदे खिशात होते.

मग अण्णा म्हणाले, तिला सांग, तूच ठेव.

मी सांगितलं. आई म्हणाली, त्यांना सांग, मुलगे बापाकडेच बरे.

सांगितलं. अण्णा म्हणाले, तिला सांग, ठेवून घेतला होतास ना, मग आता सांभाळ.

मी आईकडे वळून ‘ठेवून घेतला होतास’ एवढं म्हटलं होतं. तेवढ्यात आईने माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून, थेट अण्णांकडे बघितलं. आणि म्हणाली, अहो, तुमचंच बरोबर होतं. तेव्हा जाऊ द्यायला हवं होतं त्याला.

सतरा वर्षांनी पहिलं थेट वाक्य!

अण्णांनी चष्मा काढला. लेंग्याला पुसला. परत लावला. म्हणाले, माझंही चुकलं गं. तू नको म्हणालीस आणि मी रुसून बसलो. हात धरून गाडीत बसवायला हवा होता.

आई म्हणाली, चांगला झाला असता हो तिकडे.

अण्णा म्हणाले, झाला असता.

मग आई रडली. अण्णांनी तिला पाण्याचा पेला दिला. स्वतः, हाताने. माझं तोंड निरोपासाठी उघडंच होतं, ते मिटलं.

कौन्सेलिंग पूर्ण यशस्वी. टिपणीसबाईंचं तंत्र अचूक आहे, मधला माणूस बाजूला झाला की झालं. मसुदे लागले नाहीत.

मला काय वाटलं, हेही लिहायला हवं, वर्गात विचारतील. बघितलं. काही वाटलं नाही. हातपाय थोडे गार होते.

२७ मार्च, रविवार

दोघं बोलताहेत. सकाळी उठल्यापासून. सतरा वर्षांची थकबाकी असावी. कोण वारलं, कोणाच्या मुलीचं काय झालं, पापलेट काय भाव झालं, गुडघ्याला कोणतं तेल. मधेच हसतातही. मी गेलो की थांबत नाहीत, तसेच बोलत राहतात.

आज दिवसभर मला कोणी काही सांगितलं नाही. जेवताना मी उगाच म्हटलं, अण्णा, भात गरम आहे तोवर घ्या. अण्णा म्हणाले, सांगितलं तिने.

एकटं वाटलं. मग कलम वाचायला घेतलं. एकच ओळ झाली.

२ एप्रिल

धुरीने बातमी आणली. फॅमिली कोर्टात कौन्सेलर म्हणून समाजकार्याची पदवीवाले घेणार म्हणे. वकील नकोत, तिथेही नकोत. धुरी म्हणाला, वाट लागली आपली. तो आता भाडेकरूंची कामं बघणार आहे. मला म्हणाला, तू पण ये, दोघं मिळून बसू.

मी म्हटलं, माझं प्रमाणपत्र बघून ते अपवाद करतील. माझ्यासारखा प्रत्यक्ष निकाल कोणाकडे आहे?

१० एप्रिल, रविवार

वर्गात केस सांगितली. नावं न सांगता. एक वयस्कर जोडपं, सतरा वर्षांचा अबोला, दोन महिन्यांत पूर्ण समेट. बाकावर उभं राहता येत नाही म्हणून बाजूला उभा राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिपणीसबाई म्हणाल्या, परुळेकर, फार सुंदर काम. समेट नेमका कशावर झाला?

म्हटलं, एक जुना निर्णय चुकला होता, त्यावर दोघांचं एकमत झालं.

त्या म्हणाल्या, मुलंबाळं?

म्हटलं, एक मुलगा.

मग त्याचं काय ठरलं?

म्हटलं, त्याचं अजून बोर्डावर आलेलं नाही.

बाईंनी मान हलवली आणि प्रमाणपत्रावर सही केली. धुरी आमच्या घरी जेवून गेलेला माणूस आहे. तो बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं वाचत बसला होता, वर बघेना. बाहेर आल्यावर काही न विचारता त्याने दोन वडे घेतले आणि दोन्ही माझ्या हातात दिले. म्हणाला, खा रे. संकल्प गेला खड्ड्यात.

खाल्ले.

२१ एप्रिल, गुरुवार

कोर्टातून आलो तर दाराला कुलूप. असं कधीच झालेलं नाही. शकुवहिनीकडे बसलो. ती म्हणाली, काका-काकू सकाळीच गेले, डबा घेऊन, काकूंनी नवी साडी नेसली होती. कुठे गेले, तिला माहीत असावं. विचारलं नाही. रात्री साडेआठला आले. दोघांच्या चपला धुळीने लाल. आई म्हणाली, जेवलास का? मी नाही म्हणायच्या आत अण्णांशी बोलायला लागली.

२४ एप्रिल, रविवार

पाच वाजता त्यांनी मला बोलावलं. टेबल पुन्हा भिंतीपासून पुढे ओढलेलं होतं. या वेळी दोघं एका बाजूला बसले होते. माझ्यासाठी समोर एक खुर्ची.

आळीपाळीने बोलले. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पूर्ण करायचं. चारकोपची खोली माझ्या नावावर आहे, तर पहिल्या तारखेपासून मी तिथे राहायला जायचं. गुरुवारी दोघं जाऊन बघून आले. खोली हवेशीर आहे. स्टोव्ह अण्णांनी घेतला, मसाल्याचे डबे आईने भरले. कोपऱ्यावर मालवणी खाणावळ आहे, तिथे दोघांनी स्वतः जेवून खात्री केली. सोलकढी बरी असते.

मी म्हटलं, माझी कामं मुलुंडच्या कोर्टात आहेत. अण्णा म्हणाले, बोरिवलीला पण कोर्ट आहे. मी आईला म्हटलं, तिकडे मी एकटा जेवणार काय? अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, जेवशील रे. जमतं सगळ्यांना.

मी म्हटलं, आणि तुमचे निरोप?

हे का विचारलं माहीत नाही. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, आता बोलतो आम्ही.

मग कसलाच मुद्दा सुचेना. इतकी वर्षं कोर्टात उभा आहे, निदान तारीख तरी मागता आली असती. म्हटलं, बरं. रविवारी येत जाऊ का?

अण्णा म्हणाले, ये की. आईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. दर रविवारी नको हो, म्हणाली, एखादा आपल्याला राहू दे. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी येऊ दे. अण्णा म्हणाले, चालेल. सकाळी दहाला यायचं, संध्याकाळी सहाला निघायचं, म्हणजे तिकडे फार उशीर नको व्हायला.

हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. ऑर्डर अशीच असते. मी स्वतः कितीतरी मुलांसाठी अशीच मागून घेतली आहे, हेच रविवार, हीच वेळ.

बाहेर येऊन कॅलेंडर बघितलं. मेमध्ये पाच रविवार आहेत. पाचव्याचं काय, ते विचारायचं राहिलं. आत दोघं पडद्याच्या रंगाबद्दल बोलत होते.